बाग कोणाच्या हाती द्यावी? सोलापूरच्या खुल्या जागांसाठी चार व्यवस्थांची तुलना

जुळे सोलापुरातल्या किंवा हद्दवाढ भागातल्या नगरांच्या रहिवासी मंडळांपुढे एक प्रश्न हमखास येतो. लेआउटमधली, म्हणजे भूखंडांच्या मंजूर आखणीतली खुली जागा, जिला सगळे ओपन स्पेसच म्हणतात, बरीच वर्षे वेड्या बाभळी आणि गाजरगवताखाली पडून असते. मग कधीतरी कोणाच्या तरी निधीतून कंपाउंड वॉल होते, पेव्हर ब्लॉक बसतात, ओपन जिमची चार यंत्रे येतात, लॉन अंथरले जाते आणि पहिला उन्हाळा गेला की लॉनच्या जागी माती उरते. पुढे काय करायचे यावर मंडळाच्या बैठकीत साधारण तीन सूचना निघतात: महापालिकेच्या उद्यान विभागाकडे पाठपुरावा करावा, देखभालीचा ठेका द्यायला लावावा, किंवा जागा मंडळानेच दत्तक घ्यावी, म्हणजे स्वतः सांभाळावी. परदेशातली शहरे पाहून आलेले एखादे गृहस्थ चौथी सूचना करतात, ती अशी की उद्यानांसाठी महापालिकेहून वेगळे, स्वतःचे उत्पन्न असलेले मंडळच हवे. या चार वाटांची तुलना येथे केली आहे, आणि ती करताना दोन प्रश्न सतत समोर ठेवले आहेत: एप्रिल-मे महिन्यांत पाणी कुठून येणार, आणि उद्या कोणी त्या जागेवर सभागृह बांधायला निघाले तर नाही म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहणार. सोलापुरात निर्णय याच दोन प्रश्नांवर ठरतो, असे माझे मत आहे.

आधी जागेचा उतारा

व्यवस्था निवडण्यापूर्वी जागा कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे लागते, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मोकळ्या जागांचा कायदेशीर दर्जा अगदी वेगळा असू शकतो. एक जागा विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत अशी जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. अशा जागेबाबत देखभाल कोणी करायची ही चर्चा निरर्थक आहे. तिथे मंडळाने आपली सगळी शक्ती संपादन, मग ते रोख मोबदल्यावर होवो की टीडीआरवर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्कावर, पार पडण्यासाठी लावावी.

दुसरी जागा लेआउट मंजूर करताना सोडलेली असते. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मनोरंजनात्मक खुली जागा ठेवावी लागते, आणि तिच्यावरील बांधकामाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. जुन्या लेआउटला त्या वेळचे नियम लागू असतात, म्हणून नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची, म्हणजे लेआउटच्या नकाशाची प्रत काढणे आणि सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा पाहणे याला पर्याय नाही. उताऱ्यावर अजून मूळ मालकाचेच नाव असेल, तर तेवढे दुरुस्त करून घेईपर्यंत त्या जागेवर एक रुपयाही खर्च करू नये.

उद्यान विभाग

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे मूळच्या १९४९ च्या कायद्यात, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर उद्याने आणि मैदाने कलम ६६ खाली, ऐच्छिक बाबींत मोडतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी संस्थांच्या विषयांच्या यादीत, उद्याने आणि क्रीडांगणे आहेत खरी, पण अनुसूचीत नाव असल्याने अंदाजपत्रकात रक्कम येत नाही. नळाला रोज पाणी देता येत नाही अशा शहरात ऐच्छिक खर्चाची पाळी केव्हा येईल, हे वेगळे सांगायला नको. त्यात १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र १७८ चौरस किलोमीटरवर गेले, त्यामुळे किल्ल्याजवळची हुतात्मा बाग आणि विजापूर रस्त्याच्या पलीकडचे एखादे नगर या दोन्ही टोकांना एकच विभाग पुरा पडावा, ही अपेक्षा कागदावरच राहते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. बागेला कायद्याने स्वतंत्र मंडळ नाही, पण बागेतल्या झाडांना आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वृक्ष प्राधिकरण असते, ठरावीक काळाने वृक्षगणना करावी लागते आणि वृक्ष उपकराचीही तरतूद आहे. म्हणजे बागेतला जुना कडुनिंब तोडायचा तर परवानगी, नोटीस, हरकती असा सगळा क्रम पाळावा लागतो. त्याच बागेतले खेळाचे मैदान काढून तिथे पार्किंग आखायचे ठरले, तर तितकी वेळखाऊ वाट क्वचितच आड येते.

तरीही विभागाच्या ताब्यात जागा राहण्याचा एक फायदा दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेत नाही: ती जागा सार्वजनिक आहे, याबद्दल वाद राहत नाही. माहिती अधिकारात कागद मिळतात, नगरसेवकाला जाब विचारता येतो. अर्थात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर महापालिकेवर बराच काळ प्रशासक होते आणि त्या काळात १०२ सदस्यांपैकी कोणीच जाब द्यायला नव्हते. लोकप्रतिनिधींवर उभी असलेली देखरेख किती सहज थांबते, हे त्यातून दिसले.

ठेका

ठेक्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. निविदेत किती माळी आणि किती तास हे मोजले जाते. किती रोपे जगली हे बहुधा मोजले जात नाही. झोपाळ्याची साखळी तुटली की ती देखभालीत बसते की दुरुस्तीत, यावर महिनोन्महिने घोळ चालतो, आणि तोवर लोखंडी आकडा मोकळाच लोंबत राहतो. ठेका द्यायला लावायचाच असेल, तर दोन अटींचा आग्रह धरावा: दरमहा देयक निघण्यापूर्वी रहिवासी मंडळाचा शेरा घेतला जावा, आणि पाणी कोणी पुरवायचे हे निविदेतच लिहिलेले असावे. दुसरी अट नसेल, तर उन्हाळ्यात ठेकेदार आणि विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात आणि झाडे वाळतात.

दत्तक

मंडळाने जागा दत्तक घेणे ही सोलापुरातल्या मध्यमवर्गीय नगरांना सर्वांत जवळची वाटणारी वाट आहे, आणि ती योग्य अटींवर चांगली चालूही शकते. संध्याकाळी जागेवर माणसे असतात, नळी फुटली तर त्याच दिवशी कळते, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेत बाकडे दुरुस्त होते. दिल्लीत रहिवासी संघटनांना बागा सांभाळण्यासाठी एकरामागे सरकारी अनुदान देण्याची पद्धत आहे. म्हणजे श्रम आणि लक्ष रहिवाशांचे, पैशाचा काही भाग सरकारचा. असे अनुदान नसलेले दत्तकपत्र म्हणजे महापालिकेने आपला खर्च वर्गणीवर ढकलणे होय, हे मंडळाने समजूनच सही करावी.

धोका दुसरीकडे आहे. मुंबईत देखभालीसाठी संस्थांकडे दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना ती मैदाने बंद झाली. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने दत्तकाचे नवे धोरण मंजूर केल्यावर इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. सोलापुरात क्लब होणार नाही, पण फाटकाला कुलूप लागेल, किल्ली एका घरी राहील, शेजारच्या वस्तीतली पोरे नकोत म्हणून वेळा ठरतील, आणि काही वर्षांनी एका कोपऱ्यात समाजमंदिराचा पाया दिसेल. खुली जागा कोणत्या कारणासाठी सोडली, ते कारण मोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तिथे एका वसाहतीतली उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती आणि रहिवाशांच्या याचिकेवर ते वाटप रद्द झाले. रुग्णालय जिथे टिकले नाही, तिथे मंडळाचे कार्यालय कसे टिकेल? म्हणून करार फक्त देखभालीच्या परवानगीचा असावा, भाडेपट्ट्याचा नसावा. भाडेपट्टा म्हटला की महापालिकेच्या मालमत्तेच्या विल्हेवाटीचे कलम ७९ लागू होते आणि प्रकरण भलतीकडे जाते.

पाण्याचा हिशेब दत्तक घेण्यापूर्वी कठोरपणे करावा. सोलापूर अवर्षणप्रवण पट्ट्यात येते, उजनीचे पाणी पिण्यालाच मोजून मिळते आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. जागेतल्या बोअरला मेअखेरीस किती पाणी राहते, मोटारीचे वीजमीटर कोणाच्या नावावर आहे आणि महावितरणचे बिल कोण भरणार, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर लॉनचा विचार सोडून द्यावा. काळ्या जमिनीत कडुनिंब, करंज, चिंच ही झाडे दोन-तीन उन्हाळे ठिबकवर जगवली की पुढे फारसे मागत नाहीत. कारंज्याचे नाव काढणाऱ्याला बैठकीतच नम्रपणे थांबवावे.

स्वतंत्र उद्यान मंडळ

या व्यवस्थेचा सर्वांत चांगला नमुना अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात आहे. १८८३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि मतदारांनी त्याला मान्यता दिली. तेव्हापासून तिथली उद्याने महापालिकेच्या सभागृहाहून वेगळ्या मंडळाकडे आहेत. आज त्यावर नऊ सदस्य चार वर्षांसाठी थेट निवडून येतात, त्यांतले सहा विभागवार आणि तीन संपूर्ण शहरातून. मालमत्ता करात उद्यानांचा वेगळा हिस्सा असतो, अधीक्षक मंडळ नेमते, आणि उद्यानांचे पोलीसही मंडळाचेच आहेत. मोठ्या बदलापूर्वी त्या उद्यानाचा आराखडा होतो, नागरिकांची सल्लागार समिती बसते, जाहीर सुनावणी होते आणि मगच सदस्य मतदान करतात.

मला यातला सर्वांत उपयोगी भाग २०१६ चा वाटतो. परिसरातल्या लहान बागांची दुरवस्था झाल्यावर मंडळ आणि महापालिका यांनी २० वर्षे दरवर्षी किमान १.१ कोटी डॉलर त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा निर्णय केला, आणि कोणत्या बागेला आधी पैसा द्यायचा याचा क्रम बागेच्या अवस्थेबरोबरच भोवतालची गरिबी, दाट वस्ती आणि मुलांची संख्या पाहून लावला. निधी कोणी खेचून आणला, याला त्या क्रमात जागा नाही.

हाच मुद्दा सोलापूरला नेमका लागू पडतो. जुळे सोलापुरात लेआउट झाले, म्हणून तिथे ओपन स्पेस आहेत, आणि त्या सांभाळायला निवृत्त, वेळ असलेली माणसेही आहेत. पूर्व भागात यंत्रमागाच्या आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत घरे एकमेकांना खेटून आहेत, मोकळी जागा मुळातच कमी, आणि दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईने संध्याकाळी बागेच्या समितीवर यावे असे म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. सगळे शहर दत्तक योजनेवर सोपवले, तर ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनाच बागही मिळेल. दत्तक योजनेवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो एका नगराच्या बैठकीत बसून दिसत नाही.

पण स्वतंत्र मंडळ म्हणजे रामबाण नाही. दोन निवडून आलेल्या संस्था असल्या की रस्ता, गटार आणि बाग यांच्या सीमेवरची कामे रखडतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १८९० पासून निवडून येणारे, सात सदस्यांचे उद्यान मंडळ आहे; तेच बरखास्त करावे अशी मागणी प्रांतिक सरकारकडे करण्याचा ठराव तिथल्या नगर परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये केला. शिवाय आपल्याकडे असे मंडळ महापालिकेच्या ठरावाने होणार नाही. त्यासाठी राज्याचा कायदा लागेल. तोवर करता येण्यासारखे एवढेच आहे की वृक्ष उपकराचा खर्च स्वतंत्र दाखवावा, बागांचा गरजेनुसार क्रम जाहीर करावा आणि आराखड्यापूर्वी सुनावणी घ्यावी, अशी मागणी अंदाजपत्रकापूर्वी लावून धरावी.

मग निवड कोणती

बोअरला उन्हाळ्यात पाणी आहे आणि वर्गणी देणारी घरे पुरेशी आहेत, तर तीन वर्षांच्या देखभाल करारावर दत्तक घ्यावे. फाटक सर्वांना खुले राहील, बांधकाम होणार नाही आणि अट मोडल्यास जागा विनानोटीस परत जाईल, हे त्यात लिहून घ्यावे. पाणी नसेल, तर जागा विभागाकडेच ठेवून फक्त कुंपण आणि सावलीची झाडे मागावीत. जागेवर वर्षातून एकदा नवरात्र किंवा लग्ने होत असतील, तर तिची बाग करण्याच्या फंदात पडू नये. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते ती मोकळ्या जमिनीमुळेच, आणि मैदान ही बागेइतकीच गरजेची गोष्ट आहे. ठेका मी एकट्या नगराला सुचवणार नाही; तो मोठ्या, तिकीट लावता येण्याजोग्या उद्यानांना शोभतो.

अर्ज उद्यान विभागाकडे करावा आणि प्रत नगररचना विभागाला द्यावी. सोबत मंजूर रेखांकन, उतारा, मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव जोडावा. करार मृगापूर्वी झाला तर रोपांना एक पूर्ण पावसाळा मिळतो. दिवाळीनंतर झाला तर लागवड पुढच्या जूनवर ठेवून तोवर कुंपण, मोटारीचे मीटर आणि ठिबकच्या नळ्या एवढेच उरकून घ्यावे.