एनएसजी उंदीर: काही वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमचं काम जीव्हीएचडीवर, म्हणजे स्टेम सेल ट्रान्सप्लान्टनंतर डोनरच्या टी पेशी पेशंटच्याच अंगावर उठतात ना, त्यावर. पेशंटवर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून हे एनएसजी, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्ती जवळपास नसलेले उंदीर. यांचे पहिले पेपर २००५ चे, त्याआधी २००२ मध्ये जपानमधून साधारण तसाच एनओजी नावाचा उंदीर आला होता.

आधी चांगलं सांगतो. या उंदराला स्वतःच्या टी, बी, एनके या परक्याशी लढणाऱ्या पेशी नाहीतच, त्यामुळे माणसाच्या पेशी सोडल्या तर हाकलणारं कोणी उरत नाही. मॅक्रोफेज (परकं गिळणाऱ्या पेशी) असतात पण हे उंदीर ज्या एनओडी जातीचे, तिच्या मॅक्रोफेजवरचं सिर्प-अल्फा हे प्रोटीन माणसाच्या पेशींवरच्या सीडी४७ या प्रोटीनला असं घट्ट चिकटतं की त्यांना "खाऊ नको" असा निरोप जातो, हे कोणी ठरवून केलेलं नाही, जातीतच निघालं, मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

वापर सोपा आहे. थोडं रेडिएशन, मग शेपटीच्या शिरेतून माणसाच्या रक्तातल्या साधारण १ कोटी पेशी, की तीन-पाच आठवड्यांत वजन उतरायला लागतं, पाठीला कुबड, केस पिंजारलेले, गडी कोपऱ्यात बसून राहतो. रेडिएशनला मात्र हात आखडता ठेवा, यांच्यातल्या स्किड नावाच्या म्युटेशनमुळे (जनुकातल्या बिघाडामुळे) यांची डीएनए दुरुस्तीच बिघडलेली असते, साध्या उंदराचा डोस दिलात तर जीव्हीएचडीच्या आधी रेडिएशननेच जातील. रोज वजन करा, कधी थांबायचं ते आधीच ठरवून ठेवा, उगाच हाल नकोत.

आता तक्रारी. पहिली म्हणजे डोनर. एकाच बॅचचे उंदीर, तोच डोस, एका डोनरच्या पेशींनी तीन आठवड्यांत सगळे आडवे केले आणि दुसऱ्याच्या पेशींचे उंदीर सहाव्या आठवड्यातही मजेत, आणि आम्ही येडे एका डोनरवर औषध आणि दुसऱ्यावर कंट्रोल लावून बसलो होतो!! सगळा प्रयोग पाण्यात. प्रत्येक डोनरमध्ये दोन्ही ग्रुप ठेवा, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वर सांभाळ नाजूक, खाणं-पाणी-पिंजरा सगळं निर्जंतुक हवं, एकदा सप्लायरकडून आलेला खोका फाटलेला निघाला, ती अख्खी बॅच बाद केली.

पण खरी गोची वेगळीच आहे. पेशंटमध्ये माणसाच्या टी पेशी माणसावरच चालून जातात, इथे त्या उंदराच्या एमएचसीवर, म्हणजे पेशींवरच्या आपलं-परकं ओळखायच्या खुणांवर, चालून जातात. म्हणून फुप्फुस आणि लिव्हरला जोरात मार बसतो, पेशंटमध्ये त्वचा आणि आतडं जसं हमखास धरतं तसं इथे भरवशाने दिसत नाही. शिवाय पुढे टिकतात त्या जवळपास टी पेशीच, बी पेशी नावालाच, त्यामुळे क्रॉनिक (जुनाट) जीव्हीएचडीसाठी हा मॉडेल घेऊ नका, पैसे वाया. टी पेशी थोपवणारं औषध किंवा टी-रेग (बाकीच्या टी पेशींना आवरणाऱ्या टी पेशी) तपासायचे असतील तर मात्र मस्त, कारण औषध माणसाच्या प्रोटीनला चिकटायला बनवलेलं असेल तर साध्या उंदरात बऱ्याचदा ते चिकटतच नाही.

सीडी३४ (स्टेम सेलवरची खूण) वाला प्रकारही करून पाहिला, नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल घालायच्या आणि टी पेशींची तीन-चार महिने वाट बघायची. त्या उंदराच्याच थायमसमध्ये (टी पेशी घडतात त्या ग्रंथीत) वाढतात त्यामुळे उंदराला बऱ्यापैकी आपला मानतात, जीव्हीएचडी पटकन पाहिजे असेल तर उपयोग नाही.

५ पैकी साडेतीन. एमएचसी काढून टाकलेले एनएसजी पण मिळतात, त्यांना जीव्हीएचडी खूप उशिरा होतो, पुढची ऑर्डर त्यांची टाकलीय, कंट्रोल म्हणून. आले की लिहितो.