दाबलेली पेनी: १९८२ आधीची की नंतरची?

अमेरिकेत पर्यटनस्थळी यंत्राचा दांडा फिरवून पेनी (एक सेंटचं नाणं) लांबट करून तिच्यावर आठवणीचं चित्र उमटवून घ्यायचं, तर जुनीच घाला. १९८२पूर्वीच्या पेनीत ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. नंतरची जस्ताची, वर तांब्याचा नुसता मुलामा, २.५ ग्रॅम. १९८२ सालात दोन्ही निघाल्या. काट्यावर टाकूनच ओळखा. रोलरखाली मुलामा ताणून फाटतो आणि चित्रावर राखाडी ओरखडे उमटतात. तांब्याची एकसंध लालसर राहते.

खरा फरक घरी आणल्यावर, मुंबईत, पावसाळ्यात. दमट कपाटात उघड्या जस्तावर पांढरी भुकटी धरते. तांबं फक्त काळवंडतं, चिंच-मीठ चोळून धुतलं की उजळतं. (जस्ताला चिंच लावू नका, आंबट त्यालाच खातं.) पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात मात्र कुठलीच नको, तांब्यावर हिरवा चिकट थर येतो.