लेअर मॅशचं 50 किलोचं पोतं: चिठ्ठीवरच्या टक्केवारीआधी खडीचा दाणा बघा

पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर प्रथिनं 16 टक्के, कॅल्शियम 3.5 टक्के असं छापलेलं आहे. अंड्यावर आलेल्या कोंबडीला साधारण एवढंच लागतं, त्यामुळे कागदावर या मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या भरडलेल्या तयार खाद्यात, खोट काढायला जागा नाही. मका पिवळाधमक, सोयापेंडीचा वास ताजा, करपटपणा नाही. भरडाही एकसारखा आहे. फार बारीक पिसलेलं मॅश कोंबडी चोचीने उडवते आणि ते भांड्याच्या तळाला चिकटून आंबतं, तसं इथे होत नाही. कोल्हापूर परिसरातल्या खाद्याच्या दुकानांत असं मॅश सहज मिळतं. गिरणीचं नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेली उणीव अनेक गिरण्यांच्या मालात सापडू शकते आणि ती घरच्या घरी तपासता येते.

तपासायची रीत अशी. काचेच्या ग्लासात दोन चमचे मॅश घ्या, वर पाणी घालून ढवळा आणि पाच मिनिटं हलवू नका. कोंडा आणि मक्याची सालं वर तरंगतात, भरडा खाली बसतो आणि अगदी तळाशी पांढरट थर जमतो. वरचं सगळं अलगद ओतून टाका आणि तो थर बोटांत चोळा. या पोत्यातला थर मैद्यासारखा लागला. त्यावर थोडं व्हिनेगर टाकल्यावर तो फसफसला, म्हणजे ती चुनखडीच आहे, वजन वाढवायला वाळू मिसळलेली नाही. गिरणी प्रामाणिक आहे. फक्त चुनखडीला दाणा नाही, आणि कवचाचं सगळं गणित त्या दाण्यावर आहे.

एका अंड्याच्या कवचात साधारण 2.2 ग्रॅम कॅल्शियम असतं. अंडं कवचाच्या पिशवीत जवळजवळ 20 तास राहतं आणि कवच चढण्याचं बरंचसं काम रात्री होतं, म्हणजे कोंबडी काही खात नसताना. पिठासारखी चुनखडी संध्याकाळी खाल्ली तरी पहाटेच्या आत आतड्यातून निघून जाते. 2 ते 4 मिलिमीटरची खडी मात्र गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात अडकून राहते आणि रात्रभर हळूहळू विरघळते. खडी नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून कवचाला देते. आधी कवच खरखरीत आणि पातळ होतं, ट्रेमध्ये तडकलेली अंडी वाढतात, आणि पुढे पिंजऱ्यातली कोंबडी पायावर उभी राहीनाशी होते. अशा वेळी लोक व्हिटॅमिनची बाटली आणतात. ती वाईट नाही, पण दुखणं तिथे नाही.

उपाय स्वस्त आहे. एकूण चुनखडीतली निम्मी तरी खडीच्या रूपात हवी. मॅशमध्ये ती नसेल तर दुपारी चारच्या सुमारास वेगळ्या भांड्यात शिंपल्याची किंवा चुनखडीची खडी ठेवा, 100 कोंबड्यांना रोज 300 ग्रॅमपर्यंत. जिला गरज आहे ती खाते. बांधकामाची काळी खडी मात्र घालू नका. आपल्याकडचा काळा दगड दाणे दळायला मदत करेल, पण कवचाला त्याचा उपयोग नाही. डोलोमाइटही नको, त्यातल्या मॅग्नेशियममुळे विष्ठा पातळ होते आणि कवच उलट बिघडतं.

खडीचा फरक पडला की नाही ते मिठाच्या पाण्यात बघता येतं. 1 लिटर पाण्यात साधारण 125 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि त्याच दिवशीची अंडी त्यात सोडा. बुडालेल्या अंड्याचं कवच चांगलं, तरंगलेल्याचं पातळ. अंडी शिळी असतील तर आतली हवेची पोकळी वाढलेली असते आणि चांगलं अंडंही तरंगतं, म्हणून ताजीच घ्या. खडी सुरू करण्याआधी 30 अंडी आणि दोन आठवड्यांनी परत 30 अंडी, एवढी तुलना पुरते. कळप 50 आठवड्यांच्या पुढचा असेल तर फरक जास्त उठून दिसेल, कारण वयाबरोबर अंडं मोठं होतं, कवचाचा माल मात्र फारसा वाढत नाही, तोच जास्त पसरावा लागतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पोतं महाग वाटतं म्हणून अर्धं मॅश आणि अर्धा मक्याचा भरडा मिसळला जातो. मक्यात प्रथिनं 9 टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम नावापुरतं. मिश्रणात प्रथिनं 12.5 टक्क्यांवर आणि कॅल्शियम 1.75 टक्क्यांवर येतं. कोंबडी दिवसाला 110 ग्रॅम खाते असं धरलं तर पोटात गेलं 1.9 ग्रॅम, आणि कवचाला हवं 2.2 ग्रॅम. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, साधारण निम्मंच लागतं, हे वेगळंच. उरलेला भात आणि भाकरीचे तुकडे रोज भरपूर दिले तरी हाच परिणाम होतो. मग दोष मॅशला दिला जातो.

एप्रिल-मे महिन्यांत मॅश तेच असून कवच पातळ होतं, त्याला दोन कारणं. उन्हात कोंबडी 110 ऐवजी 95 ग्रॅमच खाते, म्हणजे कॅल्शियम आपोआप कमी जातं. शिवाय ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच बनवायला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. 100 किलो खाद्यात 200 ग्रॅम खायचा सोडा आणि त्या प्रमाणात मीठ थोडं कमी, हा जुना इलाज आहे. खाणं पहाटे आणि संध्याकाळी उरकून घ्या, पाणी गार ठेवा. खडी उन्हाळ्यात अजिबात चुकवू नका.

पावसाळ्यासाठी हे पोतं पूर्ण गुण मिळवत नाही. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याला आतून अस्तर नाही, आणि गगनबावडा-राधानगरीकडच्या दमट हवेत मॅश ओल धरतं. मक्यात ओल 13-14 टक्क्यांवर गेली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. कोंबडीचं खाणं कमी होतं, यकृत पिवळट आणि ठिसूळ होतं, अंडी घटतात, बलक फिका पडतो. गोळे झालेलं मॅश फोडून, वाळवून वापरायचा मोह होतो. तसं करू नका, बुरशी मेली तरी विष राहतं. टॉक्सिन बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवणारा पदार्थ, घातलेलं मॅश असलं तरी तो सडक्या मक्याला चांगला करत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. 100 कोंबड्यांना रोज 11 किलो लागतं, म्हणजे एक पोतं साडेचार दिवसांत संपतं. त्या हिशेबाने पावसाळ्यात तीन आठवड्यांपेक्षा जास्त माल भरू नये. पोत्यावर बनवल्याची तारीख नसेल तर पोतं घेऊ नका.

शिरोळ-हातकणंगले भागात सोयाबीन घरचं असतं, म्हणून स्वतः खाद्य बनवायचा विचार अनेकजण करतात. कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. तेल काढून नीट भाजलेली पेंडच हवी. 100 किलोचं चालणारं प्रमाण असं: मका 56, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) 22, तेल काढलेला भाताचा कोंडा 11, चुनखडी 8.5 (निम्मी खडी), डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 1.3, मीठ 0.4, आणि उरलेल्या 800 ग्रॅममध्ये मिथिओनिन, व्हिटॅमिन, सूक्ष्म खनिजं आणि बाइंडर. हे 800 ग्रॅम आधी 5 किलो भरड्यात घोळून मगच मोठ्या ढिगात मिसळायचे, नाहीतर एका कोपऱ्यातल्या कोंबड्यांना सगळं आणि बाकीच्यांना काहीच नाही असं होतं. मक्याची ओल बघायला कोरड्या काचेच्या बाटलीत मका आणि कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला, परत वाळवा. 200-300 कोंबड्यांच्या आत असाल तर एवढा खटाटोप न करता तयार मॅश आणि वर खडी हेच बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरात म्हैस असेल तर सरकी पेंडीचं पोतं कोंबड्यांपासून लांब ठेवा. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या घटकामुळे बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि सरकीच्या तेलातल्या काही आम्लांमुळे अंडी काही दिवस ठेवली की पांढरा भाग गुलाबी पडतो. मासळीची कुटी प्रथिनांना उत्तम, पण प्रमाण वाढलं की अंड्याला आणि कोंबडीच्या मांसाला वास येतो. रश्श्यासाठी कोंबडी विकायची असेल तर कुटी निदान आठवडाभर आधी बंद करा. अंडी देऊन थकलेल्या कोंबडीचं मांस चिवट असतं, पण सावकाश शिजवलं तर पांढऱ्या रश्श्याचं पाणी दाट उतरतं.

बलकाच्या रंगाबद्दल गिऱ्हाईक हमखास विचारतं. या मॅशवर बलक मध्यम पिवळा येतो, तो पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यामुळे. ज्वारी किंवा तांदळाची कणी घातली तर फिका पडतो, झेंडूचा अर्क किंवा लसूणघास दिला तर गडद होतो. गडद बलक म्हणजे जास्त पौष्टिक असं नाही, आणि कवच तपकिरी की पांढरं हे जातीवर ठरतं, खाद्यावर नाही.

तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, हे मॅश घालू नका. 16 आठवड्यांच्या आत एवढं कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात, आणि पुढे ती कोंबडी अंड्यावर येऊनही कळपात मागे पडते. तोवर 1 टक्का कॅल्शियमचं ग्रोअर (वाढीच्या वयातलं खाद्य), मग पहिल्या अंड्याआधीचे दोन आठवडे 2 ते 2.5 टक्क्यांचं, आणि अंडी सुरू झाल्यावर हे पोतं.