डाएटचा कागद की घरासकट उपचार?

गेल्या गणपतीत मालवणला पोचलो तर दारातच माझ्या १४ वर्षांच्या भाचीच्या कानावर पडलं, “किती जाडी झालंस गो!” त्या दिवशी पोर मोदकाला शिवली नाही. रात्री स्वयंपाकघरात अंधारात बसून खाज्याचा पुडा संपवताना सापडली. बहीण विचारत होती, डाएट चार्ट आणि जिम लावू, की डॉक्टर सांगतात तो जीवनशैली उपचार घेऊ?

चार्ट स्वस्त पडतो. एक फेरी, एकदा फी, कागद फ्रिजवर. पहिल्या महिन्यात काटा हलतोही. पण त्यात बदलायचं ते फक्त मुलीने. बाकीच्यांच्या पानात भात आणि बांगड्याची कढी, तिच्या पानात काकडी. मग उपास, चोरून खाणं, पुन्हा स्वतःचाच राग. कुणाच्या देखरेखीशिवाय केलेल्या कडक डाएटमधून या वयात खाण्याचे विकार जडू शकतात. आणि घरच्यांनी वजनावरून चिडवलं की वजन उलट वाढण्याकडेच कल असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

जीवनशैली उपचारात आहारतज्ज्ञ, डॉक्टर आणि समुपदेशक मुलीबरोबर आईवडिलांनाही बसवतात. जेवण, खेळ, झोप, मोबाइल आणि मन, सगळ्यावर बोलणं होतं. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२३ च्या सूचनांत ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेटी सांगितल्यात. आठवड्याला दोन तास धरले तर तीन महिने. वजन हळूच उतरतं. वाढत्या वयात उंची वाढून वजन तेवढंच राहिलं तरी ती प्रगतीच. पण देखरेखीखालच्या अशा उपचारांत मुलांची उदासी आणि चिंता सरासरीने कमी होते, आणि माझ्या लेखी हेच मोठं.

अडचण अंतराची. समुपदेशक तालुक्याला असेलच असं नाही, एसटीत अर्धा दिवस जातो, रोजंदारीवरच्या आईला ते परवडत नाही. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे का, ते आधी विचारा. भेटी कमी जमल्या तरी घराने बदलायला हवं. भात बंद करायची गरज नाही; दुसरी वाढ, फरसाण आणि कोल्ड्रिंक सगळ्यांचंच कमी करा. रोज ६० मिनिटं अंग हलवणं; पावसात पुळणीवर जाता येत नाही, तेव्हा ओटीवर फुगडी चालते. झोप ८ ते १० तास.

मूल जेवण टाळतंय, मुद्दाम उलटी करतंय, शाळेला जायला नको म्हणतंय किंवा जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलतंय, तर चार्टचा विचारही करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बहिणीने दुसरी वाट धरली. रात्री जेवणं आटपली की तिघंही बंदरापर्यंत चालत जातात. काटा घरातून काढलाय, वजन होतं ते डॉक्टरांकडेच. आणि यंदा चतुर्थीला पाहुणे यायच्या आधी बहिणीने एकेकाला फोन करून सांगितलंय, पोरीच्या अंगावरून कुणी काही बोलायचं नाही.