बोटीचं नाव सांगत नसतील तर पैसे भरू नका

जून २०२४. मासेमारीची बंदी चालू होती, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सगळ्या बोटी थांबलेल्या. १ जून ते ३१ जुलै हेच दोन महिने माझे धाकटे दीर दिवसाउजेडी घरात सापडतात. ते पडवीत बसून फाटलेलं जाळं सांधत होते आणि मी त्यांना अंटार्क्टिकाच्या सहलीचं माहितीपत्रक वाचून दाखवत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, बोटीचं नाव काय? माणसं किती घेते?"

पत्रकात नाव नव्हतं. 'आलिशान एक्सपिडिशन जहाज किंवा तत्सम' एवढेच शब्द होते. नाव मागाहून कळवणार आहेत, असं मी म्हटलं. भावोजींनी हातातली सुई थांबवली. "नाव ठाऊक नाय त्या बोटीला आपण उधारीवर बर्फसुद्धा देत नाय."

मी त्यांचं ऐकलं नाही. त्याची किंमत आम्हा दोघांना १४ लाख २८ हजार रुपये पडली. रत्नागिरी, चिपळूण, दापोलीकडच्या निवृत्त मंडळींना अशा सहली विकणारे लोक आता वारंवार येऊ लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गोव्याहून निघालेली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली तिथे पोहोचली, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या मास्तरांनी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून खालच्या टोकाला खडू टेकवला होता. तिथे एकदा पाय टेकवायचा, हे तेव्हापासून मनात होतं. पेन्शन सुरू झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं आणि त्याच सुमारास शहरातल्या एका सभागृहात या एजंटचा कार्यक्रम झाला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

माणूस बोलायला गोड, घाई न करणारा. पडद्यावर त्याने चित्रं दाखवली: पेंग्विनच्या घोळक्यात बसलेले प्रवासी, रबरी होडीच्या शेजारी उसळलेला देवमासा आणि एक पांढरं अस्वल. अस्वल पाहून मी हात वर केला. ध्रुवीय अस्वल फक्त उत्तरेला असतं आणि दक्षिणेच्या बर्फावर पेंग्विन. या दोघांची गाठ कधीच पडत नाही. तो म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे तुमचं, छपाईत चूक झाली." मी समाधानाने खाली बसले. खरं तर तिथेच उठून यायला हवं होतं. पत्रकावर एम्परर पेंग्विनचं पिल्लूही होतं, आणि नेहमीच्या मार्गावर त्यांच्या वसाहती लागतच नाहीत. जो माणूस स्वतः विकत असलेल्या जागेचं चित्र ओळखत नाही, त्याने ती सहल आखलेली नसते.

आता मोसमाबद्दल. तिथे जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढीच जातात. नोव्हेंबरात बर्फ अगदी कोरा असतो आणि पेंग्विन जोड्या जमवत असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारीत अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, दिवस जवळजवळ मावळत नाही आणि भाडंही सगळ्यात चढं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर दिसतात, पण पिल्लं मोठी होऊन पाण्याकडे निघालेली असतात आणि किनाऱ्यावर चिखल माजलेला असतो. यातला कोणताच काळ वाईट नाही, फक्त आपण काय बघायला जातोय ते आधी ठरलेलं हवं. आम्हाला पिल्लं बघायची होती. एजंटने डिसेंबरअखेरची तारीख देऊन त्याच हंगामाचा भाव घेतला. ऑक्टोबरात फोन आला, तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यावर गेली आहे, "देवमाशांचा बेस्ट सीझन". पैसे एक रुपयानेही कमी झाले नाहीत.

मार्गाच्या बाबतीत तर मला जास्त वाईट वाटतं, कारण ते माझ्या विषयातलं होतं. पत्रकावर '१५ दिवसांची अंटार्क्टिका' असं होतं. लहान जहाजं बहुतेक अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून सुटतात. तिथून ड्रेक पॅसेज हा अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा समुद्र ओलांडायला जाताना दोन आणि येताना दोन दिवस लागतात. म्हणजे १०-११ दिवसांच्या सफरीत बर्फाजवळचे दिवस पाचेक मिळतात. आमचं जहाज त्याच देशातल्या, पण खूप उत्तरेकडच्या ब्युनोस आयरेसहून निघून तिथेच परत येणारं होतं. मधे माँटेव्हिडिओ, फॉकलंड, केप हॉर्न, उश्वाया. १५ दिवसांतले अंटार्क्टिकाच्या पाण्यात फक्त तीन! मी नकाशा उघडून बोटाने अंतर मोजलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पण खरी फसवणूक याहून मोठी होती. अंटार्क्टिकात सहली नेणाऱ्या कंपन्यांची १९९१ पासून आयाटो नावाची संघटना आहे. तिच्या नियमाप्रमाणे ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज तिथे कुणालाही किनाऱ्यावर उतरवू शकत नाही. लहान जहाजांनीही एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरवायची असतात. भावोजींनी विचारलेला 'माणसं किती घेते' हा प्रश्न नेमका इथे लागू पडत होता. प्रवाशांचा आकडा कळला की पाय टेकणार की नाही ते कळतं.

जहाजाचं नाव आमच्या हातात निघायच्या २२ दिवस आधी पडलं. शोधून पाहिलं तर दोन हजारांवर प्रवासी नेणारं जहाज. मी फोन केला. तोच गोड आवाज म्हणाला, "मॅडम, क्रूझ म्हणजे क्रूझच. उतरवणार असं आम्ही लेखी कुठे दिलंय?" खरंच कुठे दिलं नव्हतं. पत्रकात 'अंटार्क्टिकाचा स्पर्श अनुभवा' असं छापलं होतं आणि त्या वाक्यावर मी विश्वास ठेवला होता. त्या टप्प्यावर रद्द केलं तर शंभर टक्के रक्कम बुडणार, हे मात्र अटींमध्ये अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. आमचे हे म्हणाले, पैसे गेलेच आहेत, निदान बघून तरी येऊ. आम्ही गेलो.

खोली 'समुद्राचं दृश्य' असलेली घेतली होती. पडदा सरकवला तर खिडकीभर भगव्या रंगाची जीवरक्षक बोट लटकलेली! तिच्या बुडाखालून दीड वीत पाणी दिसायचं. शिवाय खोली अगदी पुढे, नाळेकडे. ड्रेकमध्ये लाटा उठल्यावर आमचा पलंग वर जाऊन असा आपटायचा की यांनी दोन दिवस जेवणाचं नाव काढलं नाही. ट्रॉलरवरचा कुठलाही खलाशी सांगेल की हेलकावे कमी लागतात ते मधोमध आणि खालच्या मजल्यावर. पाळणा टांगलेल्या कडीपासून जितकं लांब, तितका झोका मोठा. वरच्या मजल्याची, बाल्कनीची खोली महाग असते, पण समुद्र लागणाऱ्याला ती सुखाची होतेच असं नाही. खोली घेताना जहाजाचा डेक-प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा मागून घ्या, त्यावर आपला खोली क्रमांक शोधा आणि खिडकीसमोर काय आहे ते बघा. 'अमुक प्रकारची खोली मिळेल' यावर थांबू नका.

पॅराडाइज बे नावाच्या उपसागरात जहाज हळू झालं तेव्हा आम्ही डेकवर कठड्याशी उभे होतो. पाणी इतकं शांत की डोंगरांची बिंबं जराही हलत नव्हती. वाऱ्याबरोबर एक वास आला आणि मला क्षणभर काही सुचेना, कारण तो वास ओळखीचा होता. वाळत घातलेल्या जवळ्याचा. पेंग्विन जे क्रिल खातात ते आपल्या जवळ्यासारखंच असतं, आणि त्यांच्या विष्ठेने अख्खा किनारा तसा घमघमतो. किनाऱ्यावर काळे ठिपके दिसत होते, ते पेंग्विन. पलीकडे एक छोटं जहाज उभं होतं. त्याच्या रबरी होड्या किनाऱ्याला लागत होत्या आणि लाल जॅकेट घातलेली माणसं एकामागून एक बर्फावर उतरत होती. यांनी माझा हात धरून ठेवला होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

अंटार्क्टिक वृत्त ओलांडण्याचंही आश्वासन होतं. ते ६६ अंश ३३ मिनिटांवर आहे. खोलीतल्या पडद्यावर मी रोज अक्षांश बघत होते. आकडा ६४ अंश ५० मिनिटांच्या आसपास गेला आणि उलटा फिरला. वृत्त तिथून आणखी सुमारे १९० किलोमीटर दक्षिणेला. परतीत फॉकलंडला उतरून पेंग्विन बघू अशी आशा होती, पण वाऱ्यामुळे तिथलं उतरणं रद्द झालं. त्यात कुणाचा दोष नाही.

जेवणाच्या टेबलावर नागपूरचं एक जोडपं भेटलं. त्यांनी तशीच खोली आमच्या पावतीतल्या जहाजभाड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत थेट घेतली होती.

जुलैत रिटर्न भरताना आणखी एक गोष्ट उघडकीला आली. परदेश सहलीच्या पॅकेजवर एजंटने टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नावे सरकारकडे भरायचा आगाऊ प्राप्तिकर, भाड्यावर वेगळा घ्यायचा असतो. त्या वेळी तो सात लाखांपर्यंत ५ टक्के होता. आमच्याकडून माणशी ६ लाख ८० हजारांवर ३४ हजार, दोघांचे ६८ हजार घेतले होते. ही रक्कम आपल्या पॅनवर जमा होते, फॉर्म २६ एएस या कर-नोंदींच्या उताऱ्यात दिसते आणि करातून वळती किंवा परत मिळते. आमच्या फॉर्ममध्ये काहीच नव्हतं. सीएनी विचारलं, "पैसे कुठल्या खात्यात भरलेत?" पासबुक काढलं. शेवटचे दोन लाख त्याने 'लगेच सीट पक्की होईल' म्हणून एका व्यक्तीच्या खात्यावर घेतले होते, कंपनीच्या नव्हे.

म्हणून अगदी कळकळीने सांगते. पहिला हप्ता भरण्याआधी जहाजाचं नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक (जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लेखी मागा. प्रवासी किती, उतरवणार का आणि अंदाजे किती वेळा, तेही लेखी. आयाटोच्या यादीत जहाज चालवणारी कंपनी आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या लॅपटॉपवर नको. बुकिंग झाल्यावर जहाज कंपनीला थेट मेल करून आपल्या नावावर खोली आहे का ते विचारा. त्याला पैसे पडत नाहीत, एखादा दिवस लागतो एवढंच. करारातला 'किंवा तत्सम' हा शब्द खोडून घ्या. खोडत नसेल तर उठा. व्हिसाच्या कागदांवर न वाचता, नुसत्या पेन्सिलच्या खुणा बघून सह्या करू नका. मी तशा केल्या. त्याच गठ्ठ्यातल्या प्रवासाच्या तपशिलात जहाजाचं नाव होतं, हे मला नंतर झेरॉक्समध्ये दिसलं.

फसल्यावर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची असते. आम्ही रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आणि टीसीएसचं वेगळं पोलिसांत. पैसे बँकेतून गेले होते म्हणून पुरावा तरी आहे. दोन्हींचा निकाल अजून लागायचा आहे. ऑनलाइन पैसे भरून कुणी फसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढे सरकलेली असते.

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका ओळखीच्या बाईंनी मला त्याच एजंटचं नवं पत्रक पाठवलं. अस्वल काढून टाकलं आहे. 'किंवा तत्सम' तसंच आहे. मी लगेच फोन केला. त्यांनी पन्नास हजार भरले होते, उरलेल्याचा चेक दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी त्यांना म्हटलं, आधी बोटीचं नाव विचारा. संध्याकाळी त्यांचा फोन आला, नाव मागाहून कळवतो म्हणाले. चेक त्यांनी दिला नाही.