आयडी-आर्ट: चोरी पकडतं, लूट सुटते

इंटरपोलचं आयडी-आर्ट हे ॲप २०२१ मध्ये आलं आणि ते मोफत आहे. चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदी त्यात वर्णनावरून किंवा फोटोवरून शोधता येतात. फोटो समोरून, साध्या पार्श्वभूमीवर, सावली न पाडता काढा. मूर्तीचा हात तुटला असेल किंवा चित्राची चौकट बदलली असेल, तर जुन्या फोटोशी मेळ बसेलच असं नाही. म्हणून प्रकार आणि माध्यम टाकूनही एकदा शोधा.

शोधात काही सापडलं नाही, की विक्रेते लगेच 'माल स्वच्छ' म्हणतात. इथेच गफलत होते. इंटरपोलच्या यादीत वस्तू जाते ती त्या त्या देशाच्या पोलिसांकडून किंवा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय संस्थांकडून, तीही नेमकी ओळख पटण्याइतकी माहिती असेल तरच. यादवी युद्धात सीरियातल्या अपामिया या प्राचीन शहराच्या अवशेषांत चोरट्यांनी हजारो खड्डे खणले. त्यातून निघालेल्या वस्तूचा आधीचा फोटोच नाही, मग ॲप बिचारं काय ओळखणार? तिथे तारखा विचाराव्या लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २०१५ चा ठराव २१९९ बघा: इराकमधून ६ ऑगस्ट १९९० नंतर आणि सीरियातून १५ मार्च २०११ नंतर बेकायदा बाहेर काढलेल्या वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे. 'जुन्या संग्रहातली आहे' एवढ्यावर भागत नाही. निर्यात परवाना, जुनं बिल, लिलावाची छापील यादी, काहीतरी तारखेसह हवं.

ॲपमधली स्वतःच्या वस्तूंची यादी करण्याची सोय मात्र खरोखर उपयोगी, विशेषतः घर सोडून निघावं लागणाऱ्यांना. मापं, साहित्य, कोरीव अक्षरं लिहाच, पण भेगा आणि डागडुजीच्या खुणांचे जवळून फोटो आधी घ्या. एकाच साच्यातल्या दोन वस्तू त्यावरूनच वेगळ्या ओळखू येतात. यादीची प्रत फोनबाहेर ठेवा. ही यादी म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, आणि ती इंटरपोलच्या यादीत आपोआप जातही नाही. चोरी झाल्यावर पोलिसांत तक्रार करावीच लागते.

ॲपमध्ये धोक्यातल्या वास्तूंची नोंदही करता येते: जागा, वेळ, नुकसान. आधी लांबून, मग मधल्या अंतरावरून, मग जवळून फोटो घ्या, ढिगारा हलवू नका. माली देशातल्या टिंबक्टूमधल्या दर्ग्यांच्या विध्वंसाबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये अल महदी या कट्टरपंथी गटाच्या सदस्याला ९ वर्षांची शिक्षा दिली, त्या खटल्यात विध्वंसाआधीची आणि नंतरची छायाचित्रं पुराव्यात होती. पण आसपास बंदूकधारी असतील तर फोन खिशातच राहू द्या.