टायमिंग लाइट घ्यावा की डायल गेज?

जुन्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचं (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचं) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, स्वतः लावायचं असेल आणि पैसे एकाच साधनावर घालायचे असतील, तर हे दोन पर्याय: दर ठिणगीला चमकणारा लाइट, किंवा पिस्टनची जागा मोजणारा गेज. ज्या इंजिनात टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे प्रश्नच नाही.

लाइटचा मोठा गुण असा की पहिल्या सिलिंडरच्या प्लगवायरला चिमटा लावला की चालत्या इंजिनात ठिणगी कधी पडते ते दिसतं. सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापल्यावर टायमिंग सरकत असेल तर ते लाइटलाच दिसतं, गेजला नाही.

पण फुल अॅडव्हान्स (ठिणगी जास्तीत जास्त आधी पडते ती स्थिती) पाहायला थ्रॉटल पूर्ण उघडावा लागतो, तोही लोडवर. पाण्याचा पाइप लावून जमिनीवर हे करू नये, इंजिन बेफाम फिरतं. म्हणजे होडी पाण्यात, दोरांनी घट्ट बांधून. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या जेट्टीवर त्यासाठी भरतीच गाठावी लागते. ओहोटीत इंजिनाचा पाण्याचा पंप गाळ ओढतो आणि इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक) खराब होतो. वरून ऊन. 200 मिमी व्यासाच्या फ्लायव्हीलवर (क्रँकवरच्या जड चाकावर, जिथे टायमिंगच्या खुणा असतात) एक अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिमी. हलत्या होडीत, फिरत्या उघड्या फ्लायव्हीलवर वाकून ती रेघ वाचायची. दोन अंश सहज चुकतात. माझा कौल इथेच फिरला.

गेजला होडी वर काढलेली चालते. प्लग काढा, गेजची दांडी सिलिंडरच्या रेषेत बसवा. टीडीसीला (पिस्टन अगदी वर असतो त्या जागी) काटा काही अंश हलतच नाही, म्हणून तो थांबला तिथे खूण करू नका. पिस्टन वर पोचायला 2 मिमी बाकी असताना एक आणि वरून 2 मिमी उतरल्यावर एक, अशा दोन खुणा फ्लायव्हीलवर करा, मधला बिंदू टीडीसी. फ्लायव्हील फिरण्याच्या दिशेनेच फिरवा, उलट फिरवल्यास इंपेलरची पाती वाकतात. 60 मिमी स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीआधी 20 अंश म्हणजे साधारण 2.2 मिमी, आणि त्या जागी एक अंश सुमारे 0.2 मिमी. गेज 0.01 मिमी दाखवतो. पिस्टन मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा, थ्रॉटलचा दांडा फुल अॅडव्हान्सच्या स्टॉपला टेकवा आणि लिंक सरकवून खुणा जुळवा. पॉइंटवाल्या इंजिनात (जिथे ठिणगी उघडझाप करणाऱ्या संपर्कांनी पडते) आधी त्यांची गॅप नीट करा. गॅप वाढली की टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी आधी पडते.

आणखी एक गोष्ट गेजच्या बाजूने. ट्रिगरचं (ठिणगीचा इशारा देणारं) मॅग्नेट फ्लायव्हीलमध्ये असेल आणि चावी (फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारा तुकडा) अर्धी कापली गेली असेल, तर खूण आणि ट्रिगर एकत्रच सरकतात. लाइट सगळं ठीक दाखवतो, पिस्टन मात्र भलतीकडे असतो. अॅडव्हान्स जास्त झाला तर सतत फुल थ्रॉटलवर पिस्टनला भोक पडतं.

इंजिन तापल्यावरच चुकत असेल, तर लाइट एका दिवसासाठी मागून आणावा.